मांडवाखालची खुर्ची

जानेवारीतल्या एका मंगळवारी माझी व्हायवा झाली आणि मला पीएचडी मिळाली. त्याच आठवड्यातल्या रविवारी मी पेढे घेऊन दांडीच्या कोळीवाड्यात गेले. तिथे मला पहिल्यांदाच खुर्ची मिळाली.

मी पालघरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. प्रबंधाचा विषय होता बोंबील सुकवणाऱ्या बायकांचं काम. पद्धत सहभागी निरीक्षणाची, म्हणजे बाजूला उभं राहून पाहायचं नाही, तेच काम करत पाहायचं.

हे मला दांडीत, बोंबील सुकवणाऱ्या हिरामावशीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पद्धतीचं नाव न घेता. "बगायला आलीस? बगून काय होतं गो? बस खाली, हात चालव."

बांबूच्या मांडवाला दोऱ्या बांधलेल्या असतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. जबडा नीट बसला नाही तर वाऱ्यानं जोडी सुटते, मासा वाळूत पडतो. माझ्या जोड्या सुटायच्या. हिरामावशी त्या माझ्यादेखत काढायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची.

"लगीन लावतेस का मोडतेस गो? कालेजात पोरांना पन असंच शिकवतेस?"

बायका हसायच्या. मीही हसायचे. तिसऱ्या हिवाळ्यात माझ्या जोड्या टिकायला लागल्या, ती क्वचितच टोकायची. मग प्रबंध लिहायला बसले आणि जाणं थांबलं.

व्हायवा म्हणजे प्रबंधानंतरची तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी विचारलं, "फील्ड सोडलंत?"

संशोधन संपलं की ज्या माणसांत काम केलं त्यांच्यातून बाहेर पडायचं असतं. त्याला फील्ड सोडणं म्हणतात.

"हो सर."

"त्रास झाला?"

"नाही सर."

माझ्या गाइड मॅडमनी मान हलवली. उत्तर बरोबर होतं.

रविवारी बोईसरहून रिक्षानं दांडीला पोचले. मांडवाखाली बोंबलांनी पाट्या भरलेल्या होत्या. हिरामावशीनं मला लांबूनच पाहिलं आणि सुनेला हाक मारली. "कल्पने, खुर्ची आन!"

प्लास्टिकची खुर्ची आली. मावशीनं ती पदरानं पुसली.

"बसा मॅडम. डाक्टर झालात ना? कल्पनानं मोबाइलवर वाचलं."

"मावशी, मी खाली बसते ना. पाटीजवळ."

"नको, नको. साडी खराब होल तुमची."

"पूर्वी नाही झाली?"

"तवा तुमी शिकत होता."

मी खुर्चीवर बसले. पेढे वाटले. बायकांनी दोन बोटांनी एकेक उचलला आणि पुन्हा कामाला लागल्या. कोणी कोणाची थट्टा करत नव्हतं. थोड्या वेळानं मी पाटी मागितली. मावशीनं एक लहान पाटी खुर्चीजवळ सरकवली.

हात विसरले होते. पहिली जोडी सैल बसली, ते मला अडकवतानाच कळलं. ती दोरीवर टाकली आणि मावशीकडे पाहिलं.

"बरोबर हाय?"

"झकास हाय मॅडम."

कल्पना फिसकन हसली. मावशीनं तिच्याकडे डोळे वटारले.

मी आणखी जोड्या केल्या. सगळ्या सैल. काही आपसूक सैल झाल्या, शेवटच्या मी मुद्दाम सैल ठेवल्या. मावशीनं प्रत्येक पाहिली. एकीलाही हात लावला नाही.

निघताना विचारलं, "पुढच्या रविवारी येऊ?"

"या की. तुमचंच घर हाय."

असं पाहुण्यांना म्हणतात. त्या मांडवाखाली मला हे आधी कोणी म्हटलं नव्हतं.

रिक्षा वळणावर थांबली, समोरून टेम्पो येत होता. मी मागे पाहिलं. खुर्ची आत गेली होती. तिच्या जागी कल्पना पाटी घेऊन जमिनीवर बसली होती. हिरामावशी दोरीपाशी उभी होती. माझ्या जोड्या एकेक काढून ती पुन्हा अडकवत होती आणि काहीतरी बोलत होती. बायका हसत होत्या.

रिक्षापर्यंत शब्द पोचले नाहीत.