सत्काराचा नारळ

तुमच्याकडे स्टुडिओ नाही म्हणून पुण्याच्या एका पोरानं फोनवर आमची कीव केली होती. अरे बाबा, तुझ्या स्टुडिओत भिंतींना फोम चिकटवलेला असतो, आमच्याकडे छतापर्यंत कापूस असतो. पिंपळगाव राजाला आमचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं रॅप रेकॉर्ड करतो. मी लिहिते आणि म्हणते. मावसभाऊ ताल बनवतो, तो पिंजण मशीनच्या खडखडाटाचा आणि रजईवर पडणाऱ्या काठीचा. तिसरा आमचा दोस्त, आठवडी बाजारात भाजी विकतो आणि आमच्या गाण्यांत दुसरा आवाज देतो. बंदुका, गाड्या, सोन्याच्या साखळ्या आमच्या गाण्यांत नाहीत, कारण त्या आमच्या घरीही नाहीत.

कापूस आवाज गिळतो. पहिल्या दिवशी मी म्हणत होते आणि माझं मलाच ऐकू येत नव्हतं. भाजीवाला म्हणाला, "पोटातून काढ. भिंतीपलीकडं गिऱ्हाईक उभं हाय असं समज आन् बोंबल." तेव्हापासून मी तशीच बोंबलत आले आहे.

आमचं नाव झालं ते टाकीच्या गाण्यानं. आमच्या गावात पाण्याची टाकी उभी राहिली, थाटात उद्घाटन झालं, नळ मात्र कोरडेच राहिले. आई आपली पहिल्यासारखी हापशीवरून हंडे वाहत होती. तिच्याकडं पाहून मी लिहिलं:

"फीत कापली, फोटो काढला, हार पडला गळ्यात,
पानी तेवढं राह्यलं भाऊ, आलं नाही नळात."

मोबाइलवरून ते जळगाव जामोदपर्यंत पोचलं. अमडापूरला कार्यक्रम झाला तर लोकांनी तेच तीनदा म्हणायला लावलं.

मग निवडणूक आली. एका सकाळी दुकानासमोरून प्रचाराची रिक्षा गेली आणि तिच्या भोंग्यातून चक्क माझाच आवाज. पहिली ओळ माझी. दुसरी कापून टाकलेली, तिथं कोणा भाड्याच्या पोराचा आवाज: "पानी आनलं आमच्या भाऊनं, आलं पाहा नळात." ज्यानं टाकीची फीत कापली, तोच हा भाऊ. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

हापशीवरच्या बायांनी आईला विचारलं, पोरीनं गाणं विकलं का? आई घरी आली, हंडे आदळले आणि म्हणाली, "हंडे माह्या डोक्यावर, आन् गुन त्याचे तुह्या तोंडी. वा व पोरी, वा." मी परोपरीनं सांगितलं की मला न विचारता घेतलंय. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्याशी बोलणंच टाकलं. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले तरी असते.

मी भाऊच्या माणसाला फोन लावला, गाणं बंद करा म्हटलं. तो हसला. एवढी प्रसिद्धी फुकटात मिळतेय, वर तक्रार कसली, म्हणाला. उलट रविवारच्या सभेत येऊन नवी ओळ तुम्हीच म्हणा, सत्कार करू. मी लगेच हो म्हटलं. मावसभाऊ घाबरला, आपल्याला याच गावात राहायचं आहे म्हणाला. मलाही इथंच राहायचंय, मी म्हटलं, म्हणून तर जायचं.

रविवारी भर दुपारी मांडवात आम्हाला शाल आणि नारळ मिळाला. बायांच्या घोळक्यात मागं आई उभी होती, तोंड वळवून. मी सुरू केलं. पहिल्या ओळीला भाऊंनी मान डोलावली, टाळ्याही वाजवल्या. दुसरी ओळ मी माझी म्हटली, जशी लिहिली होती तशी. भाऊच्या त्या फोनवरच्या माणसानं धावत जाऊन वायर ओढली. माइक गेला, स्पीकरमधला ताल गेला.

त्याला काय माहीत मी कुठं शिकले ते. मी पोटातून काढलं. भाजीवाल्यानं आवाज दिला. आणि तो घाबरट मावसभाऊ, त्यानं सत्काराचा नारळ उचलला आणि स्टेजवरच्या टेबलावर ताल धरला. तिसऱ्यांदा ती ओळ म्हणताना आईनं तोंड माझ्याकडं वळवलेलं मला दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून रिक्षावर ते गाणं वाजलं नाही. आमचे दोन कार्यक्रम मात्र रद्द झाले, कॉलेजच्या स्नेहसंमेलनातून आमचं नाव कापलं. कापा म्हणावं. बोलावणं नसलं तर आम्ही बाजारात भाजीच्या पालाखाली उभं राहून म्हणतो.

शाल मी सभेच्या संध्याकाळीच परत पाठवली होती. नारळ मात्र आईनं ठेवून घेतला, त्याच रात्री फोडला, पाट्यावर चटणी वाटली. ताट माझ्यापुढं सरकवून चार दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"पोटभर खाय. नळाले पानी येईस्तोवर बोंबलायचं हाय तुले."