लेकीचा कोपरा

मला अर्धवट राहिलेलं काही बघवत नाही. कपाटाचं दार, पिठाचा डबा, पोरांच्या वहीतलं मध्येच सोडलेलं गणित, काहीही असो, ते पुरं केल्याशिवाय मला चैन पडत नाही. नांदेडला शाळेत शिकवून ही सवय लागली असं नवरा म्हणतो. माझी आई म्हणते, ही जन्मजात आगाऊ आहे. या आगाऊपणापायीच लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी सासरी एक उद्योग करून ठेवला, आणि त्यातूनच मला माझ्या जाऊबाई कळायला लागल्या.

सासर जळकोटच्या पुढं, खेड्यात. शेती मोठे दीर आणि जाऊबाई बघतात, आम्ही दोघं नोकरीपायी नांदेडला. जाऊबाईंना सगळं घर अक्का म्हणतं. त्या शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, पण त्यांनी घातलेली गोधडी बघायला शेजारच्या गावातून बाया येतात. माझ्यासारखी पट्टी-खडू घेऊन बसणारी बाई त्यांच्यापुढं गप्पच होते.

सोयाबीन घरात आलं, हरभरा पेरून झाला, की अक्का गोधडी धरतात. ओसरीवर ऊन असतं तोवर बसायचं. जुनी लुगडी, धोतरं, शर्ट, सगळं आधी उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेलं. मग एकेक कापड चिमटीत धरून, डोळे मिटून चोळायचं. सुती असेल तर उजवीकडं, टेरिकॉट असेल तर डावीकडं. टेरिकॉट पोटात घातलं की गोधडी अंगावर ठरत नाही, घसरते, असं त्यांचं म्हणणं. मग खाली अस्तर अंथरायचं, चार कोपऱ्यांवर चार दगड, पोटात जुन्याचे थर, आणि वर तुकड्यांची जुळणी. लाल कुठं, निळा कुठं, हे त्या ठरवत नाहीत. तुकडा उचलतात, ठेवतात, आणि तो तिथलाच असतो. एकदा मी सुचवलं, अक्का, इथं पिवळा घ्या. त्यांनी मुकाट्यानं पिवळा ठेवला, मला दूर उभं राहून बघायला लावलं, आणि माझी मीच म्हणाले, काढा.

कडेपासून सुरू झालेला धावदोरा चौकोनात चौकोन करत मध्याकडं जातो. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, पहिला तसाच शेवटचा. बोलता बोलता, चुलीवरच्या दुधाकडं लक्ष ठेवता ठेवता, दिरांना दावं कुठं ठेवलंय ते सांगता सांगता त्यांचा हात चालू असतो. मी एकदा पट्टी लावून टाके मोजले होते. वीतभर अंतरात एका टाक्याचाही फरक निघाला नाही. तेव्हापासून मी पट्टी बाहेर काढलेली नाही.

तर त्या पहिल्या उन्हाळ्यात मी घडवंचीवरच्या गोधड्या उन्हात टाकायला काढल्या. सात गोधड्या होत्या, आणि प्रत्येकीचा एक कोपरा उघडा. चार बोटं जागा शिवायची राहिलेली, आणि तिथं एक सेफ्टी पिन अडकवलेली. मला वाटलं, बिचारीला कामातून वेळ मिळत नसेल. अक्का शेतात गेल्या होत्या. मी लग्नात मिळालेलं माझं शिलाई मशीन काढलं, आणि दुपारच्या आत सातही कोपरे दुहेरी टीप मारून बंद केले. पिना एका वाटीत जमवल्या. शाबासकीची वाट बघत बसले.

अक्का आल्या. प्रत्येक कोपऱ्यावरून त्यांनी तळहात फिरवला. चांगलं शिवलंस म्हणाल्या. हातपाय धुतले, जेवल्या, आणि मग दिरांच्या दाढीचं जुनं पातं घेऊन ओसरीवर बसल्या आणि माझी एकेक टीप उसवायला लागल्या. सातही कोपरे उसवले. वाटीतल्या पिना परत जागच्या जागी लावल्या.

माझा पारा चढला. मी विचारलं, माझं काही चुकलं असेल तर तोंडानं सांगा ना. तेव्हा त्या मान वर न करता म्हणाल्या,

"चुकलं न्हाई, बाई. त्यो लेकीचा कोपरा हाय. तुजा बी न्हाई, माजा बी न्हाई."

आमच्या सासरची ही रीत मला तेव्हा कळली. गोधडी सुनेनं घालायची, पण शेवटचा कोपरा लेकीनं मिटवायचा. माहेरपणाला आली की लेक त्यात ज्वारीच्या भाकरीचा कोरभर तुकडा घालते आणि चार टाके मारते. गोधडी उपाशी राहिली तर ती पांघरणाराही उपाशी निजतो, म्हणून. या घरची लेक म्हणजे माझ्या नणंदबाई, मोठ्या दिरांहून लहान आणि माझ्या नवऱ्याहून मोठ्या. मी त्यांना वन्स म्हणायचं हे ठरलेलं, पण म्हणायला त्या समोर तर याव्या लागतात. त्या माझ्या लग्नालाही आल्या नव्हत्या. किल्लारीकडं दिलेल्या. मी विचारलं, त्या आल्याच नाहीत तर?

"यील की. लेक माहेराला न्हाई तर जाईल कुटं," अक्का म्हणाल्या, आणि सुईत दोरा ओवायला लागल्या.

त्या का येत नाहीत ते नवऱ्यानं रात्री सांगितलं. सासरे गेल्यावर जमिनीच्या कागदावर सही घ्यायला वन्सना बोलावलं होतं. वारसाला नाव लावायचा कागद आहे म्हणून सांगितलं, आणि सही घेतली ती हक्कसोडीवर. पुढं ते उघड झालं, आणि त्यांचं येणं बंद झालं. मी विचारलं, पण खोटं सांगितलं कुणी? नवरा कुशीवर वळला आणि म्हणाला, घरच्यांनी. आपल्याकडं दोष कुणाच्याच अंगावर घ्यायचा नसला की ते घरच्यांनी केलेलं असतं.

अक्का या घरात आल्या तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या आणि वन्स आठ. त्यांची वेणी अक्का घालायच्या, त्यांचं दप्तर अक्कांनी लुगड्याच्या काठाचं शिवलं होतं. अक्कांना वाचता येत नाही, पण वन्स सातवी शिकल्या त्या अक्कांच्या हट्टामुळं. हे मला गावातल्या बायांनी सांगितलं. अक्का स्वतः वन्सविषयी काही बोलत नसत. फक्त दरवर्षी एक नवी गोधडी घडवंचीवर चढायची, एक कोपरा उघडा आणि पिन लावलेली. आमची पोरं त्यातच निजली, त्यातच मोठी झाली. झोपेत पिन टोचली की बोंबलत उठायची. उंदरांनी दोनदा त्या वाटेनं आत जाऊन बाळंतपण उरकलं. भावकीतल्या बाया म्हणायच्या, एखाद्या चुलत लेकीच्या हातून मिटवून टाक की. मीही पुष्कळ चिडवलं. अक्का हसायच्या आणि पिन बदलायच्या. मला त्यांच्या धीराचं इतकं कौतुक वाटायचं की शाळेत पोरांना चिकाटी समजावून सांगताना मी नाव न घेता त्यांचीच गोष्ट सांगायचे.

गेल्या थंडीत गावी गेले तर अक्का दारात उन्हाला सुई धरून बसलेल्या. दोरा ओवला जात नव्हता. मी ओवून दिला. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, डाव्यात सुरुवात. ऑपरेशन करू, हल्ली अर्ध्या तासात होतं, असं मी सांगत होते. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी हातातली गोधडी मांडीवर उलटी केली, टाक्यांवरून बोट फिरवलं. टाके लहानमोठे पडले होते. मला ते बघवेना, कारण ते त्यांना डोळ्यांनी नाही, बोटानं कळलं होतं.

त्या म्हणाल्या, ही शेवटची. पुढच्या साली धरायची नाही. मग म्हणाल्या, आपण किल्लारीकडं जाऊन येऊ, तू चल संगं. मी उडालेच. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा. दिरांना त्यांनी विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं लातूर, तिथून पुढं जीप. गोधडी धडप्यात बांधून अक्कांनी मांडीवर घेतली होती. वाटेत मी दोनदा चहाचं विचारलं, त्या नको म्हणाल्या. धडप्याची गाठ तेवढी चाचपत राहिल्या. मला वाटलं, वय झालं, दगदग झाली.

वन्सचं घर भूकंपानंतरच्या वसाहतीतलं, सरळ रांगेतलं. दार उघडंच होतं. वन्स अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. केस पांढरे झालेले. त्यांनी आमच्याकडं बघितलं, उठल्या, आतून पाण्याचा तांब्या आणला. या म्हणाल्या नाहीत आणि का आलात असंही नाही. चहा ठेवला. घरात दुसरं कुणी नव्हतं. बाजेवर त्या दोघी, मध्ये धडप्यातली गोधडी, आणि खुर्चीवर मी. शांतता मला सोसत नाही, म्हणून मी तुरीचा भाव, थंडी, पोरांच्या परीक्षा असं काहीबाही बोलत सुटले. कुणी ऐकत नव्हतं. शेवटी माझंही संपलं.

मला वाटत होतं, आता अक्का धडपं सोडतील, रीत सांगतील, चार टाके घाल म्हणतील. अक्कांनी गोधडीला हात लावला नाही. त्या म्हणाल्या,

"त्यो कागद कशाचा हाय, ते मला ठावं होतं. ह्यांनी सांगितलं, तिला तू म्हण, तुजं ती ऐकंल. वारसाचा हाय, सही कर, आसं तुला म्याच म्हणले. दुसरं कुणी न्हाई."

मी खुर्चीत ताठ झाले. चौदा वर्षं मी ज्याला धीर समजत होते ते हे होतं. घरच्यांनी म्हणजे अक्कांनी. दरवर्षी एक गोधडी घालून ती बाई उंबऱ्याच्या आत बसून राहिली होती, कारण हे एक वाक्य घेऊन उंबऱ्याबाहेर पडायची तिची हिंमत होत नव्हती. आणि आता, डोळे जायच्या बेतात आल्यावर, माझ्यासारख्या बोलक्या धाकट्या जावेला समोर बसवून, ते तिनं बोलून टाकलं होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्याहून जास्त आदर वाटला, पूर्वी कधीही वाटला नव्हता इतका.

वन्सनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या,

"मला वाचता येतंय की, वैनी. तूच शिकविलीस. हक्कसोड लिवलेलं म्या वाचलं व्हतं."

"मग सही कशापायी केलीस?"

"तू म्हणलीस म्हणून."

 अक्कांनी विचारलं, मग आली का नाहीस, मी वाट बघत होते.

"बिनबोलावता लेक येत आस्ती का, वैनी? मुराळी धाडला व्हता का कुणी? तू येशील म्हणून मी हितं बसले."

मुराळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला येणारं माणूस. पंचमीला, दिवाळीला, घरचं कुणीतरी न्यायला आल्याशिवाय आमच्याकडच्या लेकी पाऊल उचलत नाहीत. हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. लेकीचा कोपरा आम्ही सगळ्यांनी सांभाळला, आणि लेकीला आणायला जायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी तर स्वतःला हुशार समजते.

अक्का रडल्या नाहीत. त्यांनी पदरानं नाक पुसलं, बाजेवरून उठल्या, आणि म्हणाल्या,

"चल. मीच मुराळी हाय."

वन्स म्हणाल्या, आज कसं जमेल, तूर पडलीय, धारा काढायच्या आहेत. एवढं बोलून त्या आत गेल्या. शेजारच्या घरात कुणाला तरी म्हशीचं सांगताना त्यांचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा अंगावर दुसरं लुगडं होतं आणि हातात एक पिशवी.

जीप भरायला वेळ लागला. त्या दोघी मागच्या बाकावर बसल्या होत्या, मी समोर. धडप्यातली गोधडी आता माझ्या मांडीवर होती. आठ वर्षांच्या पोरीला शाळेत सोडायला निघाल्यासारखं अक्कांनी वन्सचं मनगट धरून ठेवलं होतं.