सिद्धतेसह ऊसतोड

ऊस तोडून नेला की शेतात पाचट उरतं. सॉफ्टवेअरचंही तसंच. नव्वदच्या दशकात बारामतीत आम्ही एका साखर कारखान्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम कधीच मोडीत निघाला, पण त्याचे किस्से अजून संपत नाहीत.

मी इंदापूरहून रोज एसटीनं यायचे. खतांच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस. मालक तात्या, प्रोग्रॅमर मी, आणि आमच्यावर साहेब म्हणून नेमलेला मिलिंद. मिलिंद सांगवीचा. परदेशातून एक नवीच विद्या शिकून आला होता. प्रोग्रॅम आधी गणितासारखा कागदावर सिद्ध करायचा आणि मगच लिहायचा! काम काय, तर कुणाचा ऊस कधी तोडायचा याचा क्रम लावायचा. हा क्रम माणसांनी लावला की दर हंगामाला भांडणं ठरलेली.

*

मिलिंद आल्यावर कंप्युटरवरचं प्लास्टिकचं कव्हर कित्येक दिवस निघालंच नाही. तात्यांना मोठी हौस, येईल त्याला माडीवर आणून कंप्युटर दाखवायचे. एकदा लोणी भापकरचे पाहुणे आले. कव्हर घातलेला कंप्युटर आणि शेजारी कागदात डोकं घातलेला मिलिंद बघून त्यांनी विचारलं, हे साहेब काय करतात?

"विचार करतात," तात्या म्हणाले.

"मंग कंप्युटर काय करतो?"

"त्याला अजून परवानगी न्हाय."

*

नियम समजून घ्यायला आम्ही कारखान्याच्या शेतकी ऑफिसात गेलो. तिथले शेतकी अधिकारी काळेसाहेब म्हणाले, सोपं आहे, ज्याची लागण आधी त्याची तोड आधी. मिलिंदनं विचारलं, याला अपवाद? अजिबात नाही, म्हणाले. मग चहा आला, आणि चहाबरोबर अपवादही यायला लागले. संचालकांचा ऊस आधी. संचालकांच्या व्याह्यांचा त्याच्याही आधी. वार्षिक सभेत जो आरडाओरडा करतो, त्याचा सभेच्या आधी!

मिलिंदनं सगळं इमानदारीत चिन्हांमध्ये मांडलं. आठवडाभर घासून परत गेला आणि गंभीरपणे निष्कर्ष वाचून दाखवला: हे नियम एकमेकांना छेद देतात, सबब या नियमांनी चालणारा कारखाना अस्तित्वात असूच शकत नाही.

तेवढ्यात बाहेर कारखान्याचा भोंगा झाला. काळेसाहेबांनी टोपी चढवली.

"नसलेल्या कारखान्याची पाळी सुरू झाली," ते म्हणाले. "निघतो मी."

*

शेवटी संचालक आणि व्याही वगळून नियम पक्के झाले. ते लिहायला मिलिंदनं खास एक छोटी भाषा तयार केली. फक्त ऊसतोडीपुरती. शब्द सगळे मराठी: 'जर ऊस आडसाली असेल, तर खोडव्याच्या आधी तोडा.' आडसाली म्हणजे दीड वर्षाचा ऊस, खोडवा म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेला. शेतकऱ्याला स्वतः वाचता यावं, हा त्याचा हट्ट. मला ही कल्पना मनापासून आवडली होती, आजही आवडते.

चेअरमनसाहेबांनाही आवडली. त्यांनी हौसेनं स्वतःचा एक नियम लिहून दिला: 'बाकी परिस्थिती बघून ठरवावे.' कंप्युटरनं तो काही घेतला नाही. परिस्थिती हा शब्द त्याला माहीतच नव्हता.

"परिस्थिती कळत न्हाय," चेअरमन हळहळले, "आन् हे हंगाम चालवणार!"

*

हा प्रोग्रॅम कधी ना कधी थांबणारच, अडकून पडणार नाही, हेही मिलिंदनं सिद्ध केलं होतं. वहीची वही भरून. संचालक मंडळासमोर आम्ही तो पहिल्यांदा सुरू केला आणि लाइट गेली. प्रोग्रॅम थांबला.

तात्या अंधारात म्हणाले, "एवढ्यासाठी वही कशाला भरली? आमाला इचारायचं."

*

मग हंगाम सुरू झाला. क्रम फळ्यावर लागला, आणि सगळी सांगवी एकाच गोष्टीकडं डोळे लावून बसली. मिलिंदच्या वडिलांचा, आबांचा, खोडवा उभा होता आणि त्यांचा नंबर पार शेवटी लागला होता. उसाला तुरे आलेले, विहिरीनं तळ गाठलेला. पोरगा बापाचा नंबर वर सरकवणार, याबद्दल गावात कुणाला शंका नव्हती.

मिलिंदनं सरकवला नाही. आबा स्वतः माडीवर आले, तरीही नाही.

"लिवलंय तूच न्हवं?" आबांनी विचारलं.

"लिवलंय मीच. पर आता मलाबी हात लावता येत न्हाय."

मला आबांची दया आली आणि मिलिंदचा रागही आला. बापाचा ऊस वाळतोय आणि हा गणित सांभाळतोय! आबा मात्र चिडले नाहीत. नियमांचा कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि बोट फिरवत शेवटपर्यंत वाचला. मग विचारलं, ह्यातला एकबी नियम कुणाला मोडता येत न्हाय? मिलिंद अभिमानानं म्हणाला, चेअरमनलाही नाही. आबांनी चहा घेतला आणि गेले.

दोनेक दिवसांनी सकाळी मी शेतावरून आलेल्या नोंदी कंप्युटरला भरल्या, क्रम छापला आणि बघते तर पहिलं नाव आबांचं! चेअरमनचा फोन आला, शेवटी रक्त रक्ताकडंच धावलं म्हणून. मिलिंद पांढराफटक पडला. आयुष्यभराची इभ्रत पणाला लागली होती त्याची. सगळी सिद्धता त्यानं पुन्हा तपासली. चूक नव्हती. मग मी सकाळच्या नोंदी पुन्हा काढल्या. आबांच्या नावापुढं लिहिलं होतं, 'जळीत'. आणि जळालेल्या उसाचं वजन झपाट्यानं घटतं म्हणून आमचाच नियम होता: 'जर ऊस जळाला असेल, तर सगळ्यांच्या आधी तोडा.'

आम्ही काळेसाहेबांच्या जीपमधून सांगवीला धावलो. काळ्या फडात कोयते चालू झाले होते. आग बरोबर बांधापर्यंत येऊन थांबली होती, आणि शेजाऱ्याच्या बाजूनं बांध चांगला भिजवलेला दिसत होता. आबा बांधावर बसून निवांत बिडी ओढत होते.

"आबा," मिलिंदनं विचारलं, "आग कशी लागली?"

आबांनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि पाठीवर हात ठेवला.

"तुजा प्रोग्रॅम बराबर हाय, पोरा," ते म्हणाले. "म्या तपासून बघितला."