माळवद वाटलं गेलं नाही

मेन रोडवरची आमची इमारत धोकादायक आहे, असं मला माझ्या चुलतभावाने सांगितलं. सांगताना तो त्याच इमारतीत, आपल्या कापडदुकानाच्या गादीवर, भिंतीला टेकून बसला होता.

ही इमारत माझ्या आजोबांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने निजामाच्या काळात बांधली. तेव्हा तिथे कापसाची अडत होती. गाडीबैल बांधायच्या लोखंडी कड्या ओट्याच्या दगडात अजून आहेत. आता पाथरीकडे जाणाऱ्या जीपांचे ड्रायव्हर त्यांना पाण्याच्या बाटल्या अडकवतात. अडत बंद पडली तशी खाली दुकानं झाली. एका खोलीत शिंपी होता, मग दवाखाना आला, आता मोबाइल दुरुस्ती आहे. पूर्वेकडचा अर्धा भाग आमचा, तिथे माझं भुसार मालाचं दुकान. पश्चिमेचा अर्धा चुलतभावाचा.

आजोबा आणि त्यांच्या भावाने वाटणी केली तेव्हा दुकानं वाटली, ओटा वाटला, मागची विहीरसुद्धा वाटून घेतली. माळवद मात्र वाटलं नाही. वर मातीचं सपाट छत, त्याचा उतार सगळा एकाच बाजूला. पश्चिमेचं पाणी पूर्वेवरून वाहत आमच्या पन्हाळीतून खाली पडतं. मध्ये वाटणीचा बांध घातला असता तर पश्चिमेकडे तळं साचलं असतं. म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी दोन्ही घरांनी मिळून वर चढायचं, पाणी मुरू न देणारी खारी माती पसरायची, तुडवायची, असं ठरलं. लग्नकार्यातही एकमेकांशी बोलणं बंद असलं तरी मातीचा दिवस चुकला नाही.

तो चुकवला चुलतभावाने. दरवर्षी कोण माती वाहणार म्हणून त्याने आपल्या अर्ध्यावर सिमेंट काँक्रीट टाकलं. तेही मातीच्या वरूनच. मी तेव्हाच त्याला हिशेब करून दाखवला होता. वीस फूट बाय तीस फूट, जाडी तीन इंच, म्हणजे दीडशे घनफूट. घनफुटाला अडुसष्ट किलो धरले तरी दहा टन. भरलेला एक ट्रक तुळयांवर कायमचा उभा. शिवाय माती भिजते तशी तिला सुकायला वारा लागतो. तो म्हणाला, "दादा, तुमी तराजू घेऊनच जन्माला आलाव."

सिमेंटला भेगा पडल्या, पाणी आत गेलं आणि त्याच्या दुकानाचं छत गळू लागलं. मग एक बिल्डर आला. त्याने आणलेल्या इंजिनिअरने चुलतभावाच्या छतावरचा ओला डाग पाहिला आणि सगळी इमारत धोकादायक असल्याचं लिहून दिलं. माझ्या बाजूला तो आलाही नाही. पाडून कॉम्प्लेक्स बांधायचं, दोघांना दोन-दोन गाळे. फक्त माझी सही राहिली होती.

मी सही केली नाही. ओळंबा घेऊन समोरची भिंत तपासली. जोत्यापाशी जाडी दोन फूट नऊ इंच, वर दोन फूट. झुकलेली कुठेच नाही. रस्त्यापलीकडच्या नव्या कॉम्प्लेक्सच्या आतल्या भिंती चार इंची आहेत, आणि तिथे राहणारा माणूस खिळा ठोकायच्या आधी शेजाऱ्याला सांगतो. दोन-अडीच फुटांच्या भिंती पाडून मी चार इंचांत जायचं, आणि वर त्याला प्रगती म्हणायचं, हे मला मान्य नव्हतं.

उन्हाळा संपत आला तसा मी टिकाव आणि दोन मजूर घेऊन वर चढलो. आमच्या अर्ध्यावर नाही, सिमेंटच्या अर्ध्यावर.

दहाएक घाव पडले असतील, शिडीवरून चुलतभावाचं डोकं वर आलं.

"दादा, तुमी माझ्या डोक्यावर काय करायलाव?"

"दहा टन उतरवायलोय."

"खाली साड्या हायेत माझ्या. तुमच्यासारखी ज्वारीची पोती न्हाईत धूळ खायला."

"साड्या झाक. मी थांबणार न्हाई."

"हे माळवद माझं हाय."

"वाटणीत दाखव. आजोबांनी विहीर वाटली, माळवद न्हाई वाटलं. तुझं हाय तेवढंच माझं हाय."

तो वर आला. मी सिमेंटची एक खपली उचलून बाजूला ठेवली. खालची माती भर उन्हाळ्यात काळी आणि ओली होती. त्याने हात लावला, बोटं पाहिली, धोतराला पुसली. मग आम्ही माती आणि तिच्याखाली अंथरलेला कडुलिंबाचा पाला बाजूला करून लाकूड उघडं केलं. एका तुळईचं टोक वीतभर कुजलं होतं. बाकी सागवानावर टिकाव मारला तर खणखणीत आवाज आला.

"एक पावसाळा दे," मी म्हणालो. "गळलं तर सही करतो. न्हाई गळलं तर त्या बिल्डरला तू सांगायचं."

"साडी भिजली तर?"

"भिजलेली मी विकत घेईन."

खालून माझी बायको म्हणाली, "भिजवायची तर रंग मला विचारून भिजवा, भाऊजी."

तो हसला नाही, पण मजुरांना चहा त्याच्याच दुकानातून आला.

उरलेलं सिमेंट उतरवलं, तुळईच्या टोकाला लोखंडी पट्टी बसवली, खारी माती पसरली, तुडवली. पावसाळाभर चुलतभाऊ गिऱ्हाइकाला साडी दाखवता दाखवता छताकडे बघायचा. एकही साडी मला विकत घ्यावी लागली नाही. पावसाळ्यानंतर बिल्डर आला तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." मी तिथेच होतो. मी म्हणालो, "पुढच्या वर्षीही नाही." चुलतभाऊ गिऱ्हाइकाला पुढची साडी उलगडून दाखवू लागला.

आता पुन्हा ऊन तापलंय. माती सांगायला मी निघालो तेव्हा त्याने दुकानातूनच हाक मारली, "दादा, मी काय वर चढणार न्हाई. टोपली खालून देतो." मी पूर्ण माळवदाला पुरेल एवढ्या मातीची ट्रॉली सांगून आलो.