झटकेवाले भाऊ

मला लोक नावानं ओळखत नाहीत. माझं नाव फक्त आधार कार्डावर आणि मायच्या तोंडात उरलंय. बाकी सगळ्यांसाठी मी झटकेवाले भाऊ.

झालं असं की चार वर्षांपूर्वी मला एका मालिकेत थोरल्या भावाचं काम मिळालं. माणूस एक नंबरचा लबाड. धाकट्यानं वाटणीचा विषय काढला रे काढला, की हा छातीवर हात ठेवणार, डोळे पांढरे करणार आणि "आई गं" म्हणून सोफ्यावर कोसळणार. सगळं सोंग. घर गोळा झालं, वाटणी बारगळली, की हळूच एक डोळा किलकिला करून कॅमेऱ्याकडं बघणार. लिहिणाऱ्यानं ते एकदाच लिहिलं होतं. पण लोकांना आवडलं, मग काय, आठवड्याला एक झटका ठरलेलाच. त्याच्या रील फिरल्या. लग्नाच्या वरातीत पोरं झटके द्यायला लागली. पेट्रोल पंपावर, लिफ्टमध्ये, बँकेत, जिथं जाईन तिथं एकच फर्माइश. एकदा तर मयतीत मी खांदा देऊन बाजूला झालो, तर एक गृहस्थ कानाशी येऊन म्हणाले, "इथं बरं दिसत नाही भाऊ, पण बाहेर गेल्यावर एक झटका होऊन जाऊ द्या."

मला मजा यायची, खोटं कशाला बोलू? नांदेडच्या गल्लीतलं पोरगं मी, नाटकात काम करतो म्हटल्यावर नातेवाईक "बरं, अन् पोटाला काय?" विचारायचे. तेच आता फोटो काढायला लाइन लावत होते. फक्त मायला हे कधीच आवडलं नाही. "जित्त्या माणसानं असलं सोंग करू न्हाई," म्हणायची. आमच्या घरात आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून दृष्ट काढणं, अंगारे, धागेदोरे सगळं बंद. त्यामुळं बिचारीला मीठ-मोहऱ्या ओवाळायचीही सोय नव्हती. ती नुसती टीव्ही बंद करून स्वयंपाकघरात जायची. मी हसायचो तिला. म्हणायचो, माय, अंगारे सोडले पण भीती नाही सोडली तू.

मग वर्षभरानं ती भीती माझ्याच वाट्याला आली. मेकअप रूममध्ये चहा पीत बसलो होतो. टेन्शन नाही, भांडण नाही, काही नाही. अन् एकाएकी बोटांना मुंग्या आल्या. छाती अशी धडधडायला लागली की शर्ट हलताना दिसत होता. श्वास आत जाईना. वाटलं, झालं, गेलो आपण. कसाबसा दार उघडून बाहेर उभ्या असलेल्या स्पॉटदादाला म्हणालो, "अरे, छातीत बघ ना काहीतरी..." तो टाळी वाजवून म्हणाला, "कडक, भाऊ!" आणि चहाचा ट्रे घेऊन निघून गेला.

मी परत आत जाऊन फरशीवर पडलो. वीसेक मिनिटांनी ते आपोआप ओसरलं. लगेच शॉटला बोलावणं आलं आणि त्या दिवशी नेमका झटक्याचाच सीन होता. मी घामानं निथळत केला. दिग्दर्शक म्हणाला, "आज काहीतरी कमी पडतंय. खरं वाटत नाही."

मग डॉक्टर झाले. ईसीजी झाला, इको झाला, पट्ट्यावर पळवून झालं. हृदय ठणठणीत. शेवटी एकानं मला मनाच्या डॉक्टरकडं पाठवलं. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "याला पॅनिक अटॅक म्हणतात. यानं माणूस मरत नाही." त्यांनी गोळ्या दिल्या, श्वास मोजायला शिकवला. मी ते सगळं केलं आणि कुणालाही सांगितलं नाही. सेटवर कळलं असतं तर दुसऱ्या आठवड्यात थोरला भाऊ परदेशी गेला असता आणि परत आलाच नसता. घरी सांगायची तर हिंमतच नव्हती.

मरायची भीती वाटायची, लई वाटायची. पण तिच्याही वरची एक होती. डॉक्टर काहीही म्हणोत, हृदय हे काही गॅरंटी कार्ड घेऊन येत नाही. उद्या खरोखरचा झटका येईल, मी चारचौघांत पडेन, तोंडातून शब्द फुटणार नाही, आणि लोक टाळ्या वाजवत उभे राहतील. मोबाइल काढतील. कुणीतरी वन्स मोअर म्हणेल. माझं मरण बघायला एवढी माणसं असतील आणि त्यातल्या एकालाही ते मरण आहे हे कळणार नाही. या विचारानं रस्त्यानं चालताना पाय गार पडायचे माझे.

अशात लातूरच्या एका साड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाचं आमंत्रण आलं. फीत कापायची, दोन शब्द बोलायचे, एक झटका द्यायचा, नारळ घेऊन निघायचं. आम्हा मालिकावाल्यांची ही नेहमीची कामं. मी स्वतःच्या गाडीनं गेलो, कारण रेल्वेच्या बंद डब्यात माझा जीव कोंडतो. स्टेअरिंग आपल्या हातात असलं की जरा बरं असतं. ज्याला हा त्रास आहे त्याला कळेल मी काय म्हणतोय.

बाबा नांदेडहून एसटीनं आले. माय नाही आली, गुडघ्याचं निमित्त सांगितलं. बाबा एसटीतच ड्रायव्हर होते. मी आठवीत असताना डोळे अधू झाले म्हणून त्यांना गाडीवरून काढून डेपोत टेबलावर बसवलं. तेव्हापासून नाकावर जाड फ्रेमचा चष्मा आणि तोंडाला कुलूप. मुलाचं काम त्यांनी समोरासमोर कधी पाहिलंच नव्हतं. दुकानदारानं त्यांना पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं, गळ्यात हार घातला. ते अवघडून बसले होते, हार काढू की ठेवू असं झालेलं त्यांना.

समोर ही गर्दी. गच्चीवर माणसं, विजेच्या खांबाला लटकलेली पोरं. मी फीत कापली. माइक हातात घेतला. "नमस्कार लातूरकर" एवढंच म्हणालो आणि बोटांना मुंग्या आल्या.

मनात म्हटलं, नाही. आज नाही. बाबांसमोर तर अजिबात नाही. श्वास मोजायला लागलो, पण आकडेच आठवेनात. माइक खाली पडला, भोंग्यातून कर्कश आवाज झाला. हात आपोआप छातीवर गेला. गुडघे वाकले. मी स्टेजवर खाली बसलो आणि खालून जी आरोळी उठली, तिचा आवाज अजून कानात आहे. टाळ्या, शिट्ट्या. "वा रे भाऊ!" "झटका! झटका!" हजारभर मोबाइल वर झाले. मी दुकानदाराच्या पायजम्याला धरलं. तो गर्दीकडं बघून दोन्ही हात वर करून टाळ्या मागत होता. मला स्पष्ट वाटलं, हेच ते. असंच होणार होतं. आता झालं.

तेवढ्यात कुणीतरी माझ्या पाठीवर पंजा ठेवला. जोरात, मधोमध. बाबा स्टेजवर चढून आले होते. गळ्यातला हार तसाच. माझ्याशेजारी मांडी घालून बसले आणि कानात म्हणाले, "माझ्याकडं बघ. काही होत न्हाई. पाच मिन्टात उतरतंय हे. दुकानावरची पाटी वाच. एकेक अक्षर वाच. मोठ्यानं."

मी वाचायला लागलो. लोकांना वाटलं हा पण सीनच आहे, झटकेवाल्या भाऊचा खरा बाप आलाय, तर टाळ्या दुप्पट झाल्या. बाबांनी एकदाही वर पाहिलं नाही. अर्धी पाटी वाचून झाली आणि श्वास खाली उतरला.

मागच्या दारानं आम्ही गाडीपाशी आलो. माझ्या हातातून चावी दोनदा पडली. बाबांनी ती उचलली आणि सरळ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले.

"बाबा, उतरा. तुमचे डोळे..."

"डोळ्याला काय धाड भरलीय माझ्या?" त्यांनी चष्मा काढला आणि समोर ठेवून दिला. "बस गप."

"लायसन तरी आहे का?"

"हाय ना. घरी. संपलेलं."

लातूरच्या गर्दीतून त्यांनी अशी गाडी काढली की मी बघतच राहिलो. रिक्षा, बैलगाडी, मधेच उभी असलेली गाय, सगळ्यांना वळसा घालून अलगद. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना गाडी चालवताना शेजारी बसून पाहत होतो. नांदेडच्या वाटेवर चाकूर मागं पडलं. शेवटी मीच विचारलं, "तुम्हाला कसं कळलं? तिथं एवढ्या लोकांत कुणालाच नाही कळलं."

त्यांनी गिअर बदलला.

"मी माहूरच्या गाडीवर होतो तेव्हा. नवरातीचे दिवस. गाडीत पाय ठेवायला जागा न्हाई. घाटात निम्म्यावर आलो अन् हाताला मुंग्या आल्या. छाती धडधडून राहिली. वाटलं, मी तर गेलोच, ही समदी लेकरंबाळं बी घेऊन चाललो. गाडी कडंला घेतली, खाली उतरलो, बॉनेट उघडलं. म्हटलं, गाडी तापली. चांगली थंडगार होती गाडी."

"मग?"

"मग काय, नेहमीचंच झालं. घाट आला की गाडी तापायची. उतरायचं, रेडिएटरात पाणी ओतायचं, मैलाच्या दगडावरची अक्षरं वाचत बसायचं. कंडक्टर म्हणायला लागला, तुमचीच गाडी कशी हो तापते? एक दिवस डोळ्याच्या तपासणीला गेलो. तक्त्यावरच्या खालच्या वळी लख्ख दिसून राहिल्या होत्या. मुद्दाम चुकीच्या वाचल्या. चष्मा लावून बी चुकीच्याच वाचल्या. दिलं टेबलावर बसवून."

मी त्या चष्म्याकडं पाहिलं. एवढी वर्षं. आमच्यासमोर जेवताना, पेपर वाचताना, लग्नाकार्यात. या माणसापुढं मी काय डोंबलाचा नट!

आणि मला आठवलं, ते टेबलावर बसले त्या वर्षी शाळेत पोरं मला चिडवायची, तुझा बाप आंधळा झाला म्हणून. मी घरी येऊन बाबांच्या तोंडावर म्हणालो होतो, "तुमच्यामुळं मला खाली बघावं लागतं." ते तेव्हाही गप्पच बसले होते. एक वाक्य बोलले असते तर मी फरशीवर एकटा पडून राहिलो नसतो. आणि मी बोललो असतो तर? मी तरी कुठं बोललो?

"मायला माहीत आहे?"

"हॅट. तिला कशाला? मोठ्या गर्वानं सांगायची आळीत, माझा मालक घाटातला ड्रायव्हर हाय म्हणून."

अहमदपूरच्या अलीकडं चढ लागला. समोरून उसाचा ट्रॅक्टर, मागून एक ट्रक हॉर्न वाजवत. बाबांचं बोलणं मधेच तुटलं. बघतो तर स्टेअरिंगवरची बोटं पांढरी पडली होती आणि कपाळावरून घाम कानाकडं चालला होता. "बाबा, कडेला घ्या," मी म्हणालो. त्यांनी घेतली. इंजिन बंद केलं आणि तसेच बसून राहिले, तोंड उघडं टाकून, श्वास ओढत. मी त्यांच्या पाठीवर पंजा ठेवला. त्या क्षणी मी जितका भ्यालो तितका कधीच भ्यालो नव्हतो. माझं काहीही होवो, पण हा सत्तरीचा माणूस आहे, याचं हे तेच आहे की खरोखरचं, हे मला कसं कळणार? मी, ज्यानं एवढे झटके दिले, मला बघून ओळखता येईना.

"तेच हाय," ते कसेबसे म्हणाले. "मला कळतंय. तेच हाय."

समोरच्या खताच्या जाहिरातीवरची अक्षरं आम्ही दोघांनी मिळून वाचली. तीनदा.

फोन वाजला. माय होती. "कुठवर आलात रे? भाकरी टाकू का?"

आणि माझ्या तोंडातून, अगदी सहज, निघून गेलं, "माय, गाडी तापलीय. उशीर होईल जरा."

बाबांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. असं पाहिलं की मी फोन खालीच घेतला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. एका हातात धरवेना, म्हणून दोन्ही हातांनी कानाला लावला.

"ऐक," ते म्हणाले. "गाडी तापली न्हाई. गाडीला काय बी झालं न्हाई. मला भ्या वाटून राहिलंय. लई. पुढं नेववंना झालीय. घाटात बी मला असंच व्हायचं, डोळे माझे चांगलेच होते. अन् पोराला बी हेच हाय. टीव्हीतलं न्हाई. खरंखुरं."

बाबा डोळे मिटून बसले होते, शिव्या खायची तयारी केल्यागत.

मग मायचा आवाज आला, मलाही ऐकू येईल इतका मोठा. "कुठं थांबलात ते नीट सांगा. मी गॅस बंद करून निघते."