भिंतीवरचं पोस्टर

बाबांच्या पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तो भरायला वेळ लागायचा. "प्रवासानं सुजलेत," ते म्हणाले. नागपूरहून अमेरिकेत माझ्याकडे येऊन त्यांना दोन महिने झाले होते! मी तडक तपासणीला नेलं. तीस वर्षांच्या मधुमेहातही जेमतेम सांभाळलेली त्यांची किडनी या दोन महिन्यांत घसरली होती.

घरी येऊन गोळ्यांचा डबा उघडला. सगळे कप्पे भरलेले.

"बाबा, गोळ्या घेतच नाही आहात तुम्ही?"

"बंद केल्या. तुझं औषध सुरू केलंय ना."

माझं औषध! त्यांनी सिंकखालून स्टीलचं पातेलं काढलं. तळाशी काळपट मुळ्या होत्या. इथल्या बॉथेल गावातल्या ज्या चिनी दुकानात आम्ही कोथिंबीर घ्यायला जातो, तिथून आणलेल्या. माझ्या संशोधनाचं कॉन्फरन्समधलं पोस्टर बाबांनीच हौसेनं हॉलमध्ये लावलं होतं, आल्यागेल्याला दाखवायला. त्यावरचं चिनी वनस्पतीचं नाव त्यांनी कागदावर उतरवलं आणि दुकानदाराला दाखवलं. मग मी लॅबला गेले की रोज काढा. तोही आपल्या पद्धतीनं, आठ पेले पाण्याचा एक पेला उरेपर्यंत आटवून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, ते लॅबच्या डिशमधल्या सेल्सवर ट्राय केलंय! माणसांवर नाही! आणि आम्ही मुळ्या उकळत नाही, त्यातलं एकच केमिकल वेगळं काढतो!" जन्मात पहिल्यांदा मी बाबांवर ओरडत होते आणि थांबता येत नव्हतं. गल्लीतल्या कुणी दिलेला पाला खाल्ला असता तर त्या माणसाला तरी शिव्या घातल्या असत्या.

"पण तूच म्हणाली होतीस ना," ते शांतपणे म्हणाले.

म्हणाले होते. साखरेनं पोळलेली किडनीची पेशी मुकाट मरत नाही. ती फुगते, तिच्या आवरणाला भोकं पडतात, मग फुटते आणि आतलं सगळं ओतून शेजारणींनाही पेटवते. त्या केमिकलनं आमच्या डिशमधलं हे फुटणं कमी झालं, त्या दिवशी मी नागपूरला फोन केला होता. "बाबा, आम्ही किडनी वाचवली!" डिशमधली, हा शब्द गाळून. वाटलं, त्यांना सोपं करून सांगावं. कसलं सोपं? अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते मी. आमच्या डिशला ना यकृत असतं, ना रक्तदाब, ना मुलीवर डोळे मिटून विश्वास ठेवायची सवय.

दुसऱ्या दिवशी किडनीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुळ्यांनी बिघडलं की गोळ्या सोडल्यानं, हे सांगता येणार नाही. गेलेलं सगळं परत येईल असंही नाही. मग त्यांनी बाबांना विचारलं, हे घ्यायला कुणी सांगितलं?

मी तोंड उघडायच्या आत बाबा खुर्चीत ताठ बसले. सुजलेले पाय चपलेत मावत नव्हते.

"माय डॉटर," ते अभिमानानं म्हणाले. "शी इज किडनी सायंटिस्ट."