पदराला बांधलेला फ्यूज

रोह्याहून फोन आला तेव्हा मी पेणला घरी, पडवीत उभा राहून तुळईकडे बघत होतो. नवा लाइट खोक्यात, खोकं बाकड्यावर. मुलगी वनिता म्हणाली, "बाबा, बसलायत का?" मी म्हटलं, "उभा हाय. बोल." ती म्हणाली, "आई गेली." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

मंजुळा, माझी बायको, गणपतीच्या कारखान्यातलं काम घरी आणायची. रंग दुसऱ्या बायका द्यायच्या, डोळ्यांची आखणी हिची. पडवीतली ट्यूब मागच्या भिंतीवर, त्यामुळे पाटावर बसली की तिच्याच डोक्याची सावली देवाच्या तोंडावर. वय झालं तसं ते तिला खटकायला लागलं. वरून सरळ उजेड पाहिजे म्हणून स्वतः बाजारात जाऊन छताचा लाइट घेऊन आली. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हलका आणला असता, हे तिला ठाऊक होतं.

लाइटीची कामं घरात मीच करायचो. माझी शाळा चौथीपर्यंत. रोह्याच्या एका कंपनीत हेल्पर होतो, तिथल्या वायरमनच्या मागे उभा राहून बघून बघून शिकलो. तिथे मशीनला हात लावायचा तर मेन स्विचला कुलूप घालायचे आणि चावी काम करणाऱ्याच्या खिशात. घरात कुठलं कुलूप... एकदा मेन पाडून मी स्टुलावर, पंख्याच्या वायरी हातात. माझी वहिनी आली. आमच्याकडे लाइट जायची इतकी सवय की जो येईल तो आधी मेन बघतो. तिनेही बघितला, पडलेला दिसला, चांगल्या मनाने वर केला. मी खाली. हाड मोडलं नाही एवढंच. मंजुळाने वहिनीला चहा दिला आणि सांगितलं, "वैनी, चहाला कधीपण या. लाइट लावायला येऊ नका."

तेव्हापासून तिने आपला कायदा केला. मी मेन पाडला की ती चिनी मातीचा फ्यूज उपसून घ्यायची, पदराच्या टोकात गाठ मारून कमरेला खोचायची. मग मेन कोणी का वर करेना. मी स्टुलाजवळून विचारायचो, "घेतलास गो?" ती गाठीवर चापट मारून म्हणायची, "व्हय, माझ्याजवळ हाय. चढा." त्याशिवाय चढायचं नाही. एकदा काम झाल्यावर ती विसरून तशीच मासळी आणायला गेली. सगळं घर बंद, मी घामाघूम दारात. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "घर कमरेला लावून बाजार फिरले, तुमचं काय गेलं?"

नव्या लाइटची वायर आम्ही दोघांनी तुळईपर्यंत आणली, टोकं टेपने बंद केली. जोडायचं तेवढं राहिलं आणि तिचा दम वाढला. डॉक्टर जवळ म्हणून वनिताने तिला रोह्याला नेलं. मी मनात धरलं होतं, ती यायच्या आत लाइट लावून ठेवायचा. फोनवर तिला ते कळलंच. म्हणाली, "मी नसताना स्टुलावर चढायचं नाय. मी आले की लावू." हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. म्हणून त्या दिवशी मी नुसता बघत उभा होतो.

कारखान्याचा माणूस येऊन डोळे राहिलेल्या मूर्ती घेऊन गेला. महिन्याच्या विधीला वनिता आली, वायरी लोंबताना बघून म्हणाली, वायरमन बोलावते. "पण बाबा, आता तिथं बसणार कोण?" मी म्हटलं, "कोणी नाय. तिनं आणलाय, तर लावायचा. आणि मीच लावणार." मग म्हणाली, मी स्टूल धरते.

टेस्टर आधी चालू बोर्डात लावून बघितला, पेटला. टेस्टरच मेलेला असला तर करंटवाली वायरही गरीब वाटते. मेन पाडला, फ्यूज काढून वनिताकडे दिला. तिने मुठीत धरला. माझा पाय उचलेना.

"हातात आहे की, बाबा."

"हातातली वस्तू माणूस कुठंपण ठेवतो. फोन वाजला की ठेवशील."

तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या अंगात ड्रेस, पदर कुठला... खुंटीवर आईची साडी होती, मी कोणाला काढू दिली नव्हती. ती तिने घेतली, खांद्यावर टाकली. पदराचं एक टोक चुरगळून विरलेलं. तिथेच फ्यूज घातला, गाठ मारली, कमरेला खोचली. मी विचारलं नव्हतं. तीच म्हणाली, "व्हय, माझ्याजवळ हाय. चढा."

चढलो. वायरीला टेस्टर लावला, वनिताला खालचं बटन चालू-बंद दोन्हीकडे करायला लावून. पेटला नाही. लाल, काळी, हिरवी आपापल्या जागी कसली, तांब्याचा एक केस बाहेर ठेवला नाही. लाइट तुळईला स्क्रूने आवळला, ओढून बघितला, उतरलो. मग फ्यूज बसवून मेन वर केला. पाटावर सरळ उजेड पडला. सावली नव्हती. पाटावर कोणी नव्हतंच.

वनिता साडी धुवायला घेत होती. मी म्हटलं, गाठीच्या चुण्या जातील. तिने ती परत खुंटीला अडकवली. खुंटी मेनच्या शेजारीच आहे. पंखा हल्ली आवाज करतोय... वनिता परत आली की बघू.